लाटणे (स. क्रि.)

टिळक रस्त्यावर, बॅटऱ्यांच्या दुकानावर,
आमची शब्दकोशाची कचेरी.
या पावसाळ्यात माझ्या वाट्याला 'ल' आला.
लाजणे, लाटणे, लाडावणे.
एका शब्दाला एक कार्ड.

लाटणे. अर्थ एक :
पोळपाटावर लाटी ठेवून ती गोल, पातळ करणे.
अर्थ दोन :
दुसऱ्याचे बिनबोभाट आपलेसे करणे.
खासनीस सरांनी 'बिनबोभाट' खोडलं.
"बोभाटा झाला तरी लाटतात," म्हणाले,
"आणि उदाहरण सौम्य द्या. जमीन नको, अनुदान नको.
श्रेय लाटणे चालेल.
श्रेयासाठी कुणी कोर्टात जात नाही."

मालन शेडगे माझ्याकडे पोळ्यांना येतात.
पर्वती पायथ्याला सहा घरं, दिवसाला दीडशे पोळ्या.
त्या दिवशी हात धुवायच्या आधीच
पिशवीतून पासबुक काढलं.
एक लाख बारा हजार. शेवटची नोंद चैत्रातली.
पतसंस्थेच्या शटरला कुलूप, कुलपावर लाखेचा गोळा.
"तुम्ही शब्दांतले. अर्ज लिहून द्या."

मी लिहिलं : सदर संस्थेच्या संचालकांनी
ठेवीदारांच्या रकमेचा अपहार केला असून.
वाचून दाखवलं.
"उपहार?"
अपहार.
"ते हॉटेलच्या पाटीवर असतं तेच ना?
नाश्ता नाही केला हो त्यांनी. लाटले. तसं लिहा."
गैरविनियोग म्हणून पाहिलं.
त्या नुसत्या बघत राहिल्या,
पोळी करपत असताना बघावं तसं.
मग परातीकडे वळून म्हणाल्या,
"कणीक एकीनं मळायची, पोळी दुसऱ्यानं उचलायची.
याला तुमच्यात दुसरं काय म्हणतात?"

दुसरं काही म्हणत नाहीत.
तुमचे शब्द म्हणजे पिठी, मालनबाई,
लाटताना खाली भुरभुरायची,
म्हणजे कुठे चिकटत नाही.
हे मी बोललो नाही. अर्जात 'लाटले' लिहिलं.
उपनिबंधकांच्या कचेरीत कारकुनाने
लाल पेनने त्यावर 'अपहार' केलं
आणि आवक क्रमांक टाकला.

व्याकरणाची एक गंमत सांगतो, कोशात ती नाही.
जमीन लाटली. पैसे लाटले. श्रेय लाटलं.
भूतकाळात हे क्रियापद
लाटलेल्या वस्तूच्या मागे मागे जातं,
तिचं लिंग, तिचं वचन अंगावर घेतं.
लाटणाऱ्याकडे वळून बघत नाही.
तो एक असो, अकरा संचालक असोत,
क्रियापदाला पत्ता नाही.
आणि 'लाटले गेले' म्हटलं
की तो वाक्यातूनही उठून जातो,
चप्पल घालून, जिना उतरून.

शुक्रवारी कार्डं द्यायची होती.
अर्थ दोनखाली मी उदाहरण लिहिलं :
'कणीक एकीनं मळायची, पोळी दुसऱ्यानं उचलायची.'
खासनीस सर चष्मा वर करून हसले.
"वा! हे तुमचं?"

पंखा फिरत होता. खाली कुणीतरी
इन्व्हर्टर घासाघीस करून घेत होतं.
मी म्हणालो, "सुचलं."

आधाराच्या रकान्यात माझी आद्याक्षरं पडली.
कार्ड ट्रेमध्ये गेलं, ट्रे कपाटात,
किल्ली सरांच्या खिशात.

रात्री डबा उघडला.
चार पोळ्या, घडीच्या, कडा अजून मऊ.
लाटलेल्या पोळ्या.
कुणी लाटलेल्या, ते या विशेषणात कळत नाही.
दुसरी खाताना आठवलं,
उद्या त्या विचारणार :
"अर्जाचं काही कळलं का?
आणि त्या तुमच्या पुस्तकात
आमचा शब्द घेतला का?"